उंबरठा ओलांडणारी खुर्ची

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या धाकट्याने मला विचारलं, "आजी, आजोबांची खुर्ची चोरली त्या माणसाला पोलिसांनी पकडलं का नाही?" मी गॅसवर दूध आहे असं सांगून उठले. गॅसवर काही नव्हतं. पण तुमचे धाकटे आजोबा, म्हणजे माझे दीर, शेजारच्या खुर्चीत चहा पीत बसले होते आणि त्यांच्यासमोर मला उत्तर द्यायचं नव्हतं.

चोरी झालीच नव्हती. तुमचे आजोबा होते तोवर मी हे बोलले नाही. आता ते नाहीत, आणि आपल्या घरात ही गोष्ट दर वर्षी थोडी थोडी वाढत चालली आहे. तुम्ही ती तिकडे इंग्रजीत सांगू लागलात की ती कायमची पक्की होईल. म्हणून क्रमाने लिहिते.

तुमचे आजोबा मुलुंडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. टूलरूम म्हणजे जिथे यंत्रांसाठी लागणारे साचे आणि हत्यारं बनवतात ती जागा. माझं शिक्षण इंग्रजीतून झालं आणि मी एका कंपनीत इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळत असे. त्यामुळे आमच्या घरात लोखंड त्यांचं आणि कागद माझे अशी वाटणीच होती. दोघंही निवृत्त झालो, आणि लगेचच तुमच्या पणजीला, माझ्या सासूबाईंना, पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. जीभ मात्र शाबूत राहिली.

आपल्या इमारतीतली न्हाणीघराची दारं तुम्ही पाहिली आहेत. दार अरुंद, आणि खाली चार बोटं उंच दगडी उंबरठा, पाणी बाहेर येऊ नये म्हणून घातलेला. विकत आणलेली व्हीलचेअर त्या दारात शिरायची नाही. शिरली असती तरी उंबरठ्यावरून गेली नसती. मग रोज सकाळी आम्ही दोघं सासूबाईंना काखेत धरून उचलून आत न्यायचो. त्या ओरडायच्या, दुखायचं म्हणून कमी, लाज वाटायची म्हणून जास्त.

"माका उचलतत कशी, तर तांदळाची गोण उचलल्यासारखी," त्या म्हणायच्या. मुंबईत सगळा जन्म गेला तरी रागात त्यांना मालवणीच सुचायची.

तुमच्या आजोबांनी तेव्हा ठरवलं की उंबरठा ओलांडणारी खुर्ची करायची. भांडुपला त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा गाळा होता, तिथे जाऊन ते काम करत. कित्येक महिने लागले. एक खुर्ची वाकली, एक जड झाली, एक चढली पण उतरताना कलंडली. त्यात सुदैवाने तांदळाचीच गोण होती. सासूबाई रोज विचारायच्या, "झिला, तुझी खुर्ची माझ्या तिरडीआधी होतली मा?"

"होईल गं आई. तू घाई करू नकोस म्हणजे झालं."

शेवटी जी खुर्ची झाली ती दारात शिरेल इतकी अरुंद होती आणि तिला सहा चाकं होती. चार नेहमीची, आणि मध्ये एक छोटी जोडी, एरवी वर उचललेली. डाव्या हाताशी दांडा. तो ओढला की मधली जोडी खाली येऊन भार घ्यायची आणि पुढची चाकं अधांतरी उंबरठ्यापलीकडे जायची. मग दांडा उलटा ढकलायचा की मागची चाकं उचलली जायची. बसलेल्या माणसाला धक्का बसत नसे, कारण बैठक सगळा वेळ सपाट राहायची. हे ऐकायला सोपं वाटतं. मी त्या खुर्चीचं वर्णन पुढे इंग्रजीत टाइप केलं आहे, त्यामुळे ते किती अवघड आहे हे मला माहीत आहे.

पहिल्या दिवशी सासूबाई त्या खुर्चीतून न्हाणीघरात गेल्या. आम्ही दोघं मागे उभे. त्यांनी आतून इकडे तिकडे पाहिलं, डाव्या हाताने नळ सोडून बघितला आणि म्हणाल्या, "आता भायर जावा. दार लावून घेवा."

दार लावून घेतल्यावर तुमचे आजोबा बाहेर भिंतीला टेकून उभे राहिले. मला वाटतं त्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला क्षण असावा. तिथेच थांबलं असतं तर मला हे लिहावं लागलं नसतं.

खुर्ची बघायला शेजारी येऊ लागले. मग माझे दीर आले. ते आपल्या सोसायटीच्या गणेशोत्सव मंडळाचे सरचिटणीस, आणि त्या वर्षी मंडळाचा सुवर्णमहोत्सव असल्याने स्मरणिकेचे संपादकही. स्मरणिका म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. चकचकीत मुखपृष्ठाचं जाडसर पुस्तक. आत अध्यक्षांचं मनोगत, दहावीत चांगले मार्क मिळवलेल्या मुलांचे फोटो, थोड्या कविता, आणि बाकी सगळ्या जाहिराती. जाहिरातींवरच तिचा खर्च निघतो. कोणी वाचत नाही, पण कोणी टाकूनही देत नाही.

"दादा, दोन पानं तुझ्यासाठी ठेवलीत," दीर म्हणाले. "नीट आकृती काढून दे. कुठला भाग काय करतो, सगळं. लोकांना कळू दे ना आपल्या बिल्डिंगमध्ये कोण राहतो ते."

"कोण राहतो?"

"शास्त्रज्ञ, यार."

"शास्त्रज्ञ तिकडे ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात असतात. मी टूलरूमवाला."

"तेच छापतो मग. टूलरूममधला शास्त्रज्ञ. झकास."

तुमचे आजोबा हसले, पण आकृती काढायला बसले. दुसऱ्या कुठल्या प्रकारे त्यांना ती काढताच येत नसे. कारखान्यात साचा बनवणाऱ्याच्या हातात द्यावी तशी ती आकृती झाली, प्रत्येक भागाला क्रमांक, प्रत्येक माप, बाजूला दांड्याच्या दोन्ही स्थिती. दीर ती बघून म्हणाले, "एवढं नीट काढलंयस की कोणीपण बनवेल रे."

"बनवू दे की. घरोघरी म्हातारी माणसं आहेत."

हे ते खरंच म्हणाले होते. नंतरच्या गोष्टीत हे वाक्य कधी येत नाही.

लेखाला दिरांनी मथळा दिला, 'हे आमच्या दादाचं पेटंट!' आपल्याकडे बोलताना पेटंट म्हणजे एखाद्याची खास ओळख. कोणाचं पेटंट हसणं असतं, सासूबाईंचं पेटंट बांगड्याचं तिखलं होतं. दिरांच्या मनात याहून जास्त काही नव्हतं. त्यांनी पान सजवलं मात्र मन लावून. समोरच्या पानावर विषयाला धरून जाहिरात हवी म्हणून ते घाटकोपरच्या एका सर्जिकल दुकानदाराकडे गेले. आम्ही पहिली व्हीलचेअर त्याच्याकडूनच आणली होती. त्याने अर्धं पान घेतलं. रीत अशी की जाहिरातदाराला स्मरणिकेच्या प्रती स्वतः नेऊन द्यायच्या, वर पेढ्यांचा पुडा. दीर रीतीचे पक्के. ते दोन्ही घेऊन गेले.

आणि समारंभ झाला. पटांगणात मंडप, मंचावर मोठा फलक. एका डॉक्टरांनी रिबीन सोडून स्मरणिका बाहेर काढली, मग मंचावरच्या सगळ्यांनी एकेक प्रत छातीशी धरून फोटो काढून घेतला. तुमच्या आजोबांना शाल आणि नारळ. टाळ्या. तुमचे आजोबा टाळ्यांना सरावलेले नव्हते. कारखान्यात चुकलं तरच कोणी नाव घ्यायचं. घरी आल्यावर ते बराच वेळ नारळ हातात धरूनच बसले होते.

त्यानंतर काही महिन्यांनी तुमच्या बाबांनी तिकडून आग्रह धरला की याचं खरंखुरं पेटंट घ्या, कायद्याचं. तेव्हा आजोबांच्या डोक्यात ती गोष्ट शिरली. सरकारी कागदावर आपलं नाव, शोध लावणारा म्हणून. आयुष्यभर त्यांनी इतरांच्या सह्यांखाली साचे बनवले होते. पैशांचं ते कधी बोलले नाहीत. पण त्या कागदावर ते इतके आसुसले की मी घाबरले.

पेटंटचे अर्ज करून देणारी एक तरुण एजंट तुमच्या बाबांनीच शोधून दिली. हुशार, भरभर बोलणारी मुलगी. मी सासूबाईंपाशी होते म्हणून आजोबा पहिल्यांदा एकटेच तिच्याकडे गेले. तिथे काय बोलणं झालं ते मी पुढे दोघांकडूनही ऐकलं, आणि दोघांनी अगदी सारखंच सांगितलं.

"काका, हे आधी कुठे पब्लिश झालंय का? जर्नल, वेबसाइट, कुठेही?"

"छे हो. आपल्याला कोण छापतंय."

"नक्की ना? कारण एकदा लोकांसमोर आलं ना, की मग नवीन राहत नाही. मग काही मिळत नाही."

"नक्की."

ते खोटं बोलत नव्हते. पब्लिश म्हणजे त्यांच्या लेखी परदेशी मासिक, विद्यापीठ, जाड भिंगाचे चष्मे. मंडळाची स्मरणिका हा घरचा कागद. लग्नाच्या अल्बमला कोणी प्रकाशित ग्रंथ म्हणेल का? घरात आम्हा कोणालाच ती आठवली नाही, आणि ती दिवाणखान्यातल्या कपाटात काचेमागे उभी होती.

अर्ज इंग्रजीत होता. एजंट मसुदा पाठवायची, आजोबा मला समजावायचे आणि मी तो सुधारून टाइप करायचे. या अर्जात शोधाचा दावा एकाच वाक्यात मांडायचा असतो, कितीही लांब झालं तरी पूर्णविराम एकच. सगळी खुर्ची त्या एका वाक्यात बसवायची. मी ऑफिसात हजारो पत्रं टाइप केली असतील, पण कुठल्या इंग्रजी वाक्याला इतका जीव लावला नव्हता. आजोबा मागे उभे राहून म्हणायचे, "मधली जोडी आधी घे, दांडा नंतर. नाहीतर खुर्ची पडते." जणू वाक्य चुकलं तर कोणीतरी खरंच पडणार होतं.

अर्ज गेला. तो रांगेत असतानाच सासूबाई गेल्या. तोवर त्या रोज स्वतःच्या हाताने आंघोळ करत होत्या, दार लावून.

मग एकदा मुलुंडच्या एका रुग्णालयात आजोबा आजारी मित्राला बघायला गेले आणि तिथे कॉरिडॉरमध्ये तीच खुर्ची दिसली. पॉलिश केलेली, हातावर रेक्झिन, पण सहा चाकं आणि तोच दांडा. खाली घाटकोपरच्या त्या सर्जिकल दुकानदाराचं नाव. घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "दांड्याला त्याने रबर घातलंय. चांगलं केलंय." जेवले मात्र नाहीत.

पुढे आमचा अर्ज नियमाप्रमाणे जाहीर झाला आणि त्या दुकानदाराने त्यावर हरकत घेतली. कोणालाही घेता येते. हरकतीला जोडून स्मरणिका. तिची दोन पानं, समोरच्या पानावरची त्याचीच जाहिरात, समारंभाचा फोटो, आणि माझ्या दिरांच्या लेखाचं इंग्रजी भाषांतर. त्या भाषांतरात मी चूक शोधत बसले. शब्द न् शब्द तपासला. दिरांच्या फुलाफुलांच्या मराठीचं कोणीतरी इतकं कोरडं, अचूक इंग्रजी केलं होतं की मला एक स्वल्पविरामही हलवता आला नाही.

सुनावणी व्हिडिओवर झाली. आपल्या हॉलमध्ये, कपाटासमोर. आजोबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आमची एजंट तिच्या ऑफिसातून, समोरचा वकील त्याच्या. वकील मराठीच होता, सौम्य, बोलायला अतिशय नम्र. त्याने समारंभाचा फोटो पडद्यावर आणला. मंचावर आजोबा शाल पांघरून, मागे फलक. त्याने फलकावरची अक्षरं आधी मराठीत वाचली, सावकाश. 'स्मरणिका प्रकाशन समारंभ.' मग त्याचं इंग्रजी सांगितलं, आणि थांबला. आणखी काही बोलायची त्याला गरजच नव्हती.

मी तुम्हाला हे इंग्रजीत लिहीत नाही त्याचं कारण हेच. इंग्रजीत लिहिलं तर तुम्हाला वाटेल की हे लोक मूर्खच होते. एजंटने पब्लिश विचारलं आणि यांनी नाही सांगितलं, मागे फलक टांगलेला असताना. पण आपण प्रकाशन सगळ्याचंच करतो. दिनदर्शिकेचं करतो, आरतीसंग्रहाचं करतो, मंडळाच्या पिशवीचंसुद्धा एकदा केलं होतं. तो शब्द इतका वापरून गुळगुळीत झालेला आहे की त्याला काही अर्थ असेल, आणि तो अर्थ आपल्यालाच लागू होईल, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

"अहो, ती गणपतीची स्मरणिका आहे," आजोबा पडद्याला म्हणाले.

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, "लोकांना वाटली होती का?"

आणि तुमचे आजोबा ताठ बसले. "घरोघरी," ते म्हणाले. "एक घर सोडलं नाही."

पडद्यावरच्या छोट्या चौकोनात आमच्या एजंटने डोळे मिटले.

अर्ज नामंजूर झाला. निकाल मी वाचला. त्यात कोणावर अन्याय नव्हता. जे छापून, वाटून, टाळ्या घेऊन झालं ते नवीन राहत नाही, एवढंच होतं. एजंट दुसऱ्या दिवशी स्वतः घरी आली. तिचा राग आवरत नव्हता.

"काका, मी विचारलं होतं ना तुम्हाला?"

"तुम्ही पब्लिश विचारलंत."

तिने माझ्याकडे बघितलं, कपाळाला हात लावला, आणि मग कामाचं बोलली. स्मरणिकेनंतर आजोबांनी खुर्चीला एक नवा भाग, एक खटका, जोडला होता. दांडा उचलला की चाकं आपोआप जखडली जायची, माणूस बसता-उठताना खुर्ची मागे सरकायची नाही. तो खटका स्मरणिकेत नव्हता, आमच्या पहिल्या अर्जातही नव्हता. दुकानदाराच्या खुर्चीतही नव्हता. "त्याचा वेगळा अर्ज होऊ शकतो," ती म्हणाली. "छोटा आहे, पण पेटंट ते पेटंटच. नाव तुमचंच येईल. फक्त तोपर्यंत कोणाला दाखवू नका, कुठे बोलू नका. व्हॉट्सॲपवर तर अजिबातच नाही. काकू, तुम्ही लक्ष ठेवा."

मी त्याच संध्याकाळी टाइप करायला घेतलं.

इकडे दिरांनी निकाल ऐकल्याबरोबर ठरवून टाकलं, "चोर साला. दादाची आयडिया ढापली." गाडीत, जिन्यात, नाक्यावर, सगळीकडे. त्यांच्या मनात एकदाही आलं नाही की पेढ्यांसकट ती आयडिया कोण देऊन आलं होतं. मी आजोबांना म्हटलं, "त्यांना सांगा खरं काय ते. निदान घरात तरी."

"असू दे गं. चोरीला गेली म्हटलं की निदान माझी होती हे तरी ठरतं. त्या निकालात तर तेवढंही नाही."

त्या दिवसापासून घरात ती चोरी झाली.

पुढच्या गणपतीत दिरांनी आजोबांचा पुन्हा सत्कार ठेवला. या वेळी अन्याय झालेला संशोधक म्हणून. मी नको म्हटलं, आजोबाही आधी नको म्हणाले, मग गेले. गाळ्यातली खुर्ची मंचावर आणून ठेवली होती. दिरांनी भाषण केलं. साध्या माणसाचा शोध मोठी माणसं कशी गिळतात, वगैरे. ज्यांनी स्मरणिका घरी नेऊन कपाटात ठेवली तीच माणसं संतापाने माना हलवत होती. मग आभाराचे दोन शब्द म्हणून माइक आजोबांच्या हातात दिला. त्यांनी खरोखर दोनच शब्द बोलून माइक परत केला असता. पण पुढच्या रांगेतून दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "काका, यात बसताना ही मागे नाही का सरकत?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिसऱ्या रांगेत होते. मी मान हलवली, स्पष्ट, डावीकडून उजवीकडे. त्यांनी ते पाहिलं, हे मी शपथेवर सांगते.

"नाही सरकत," ते म्हणाले. "का सरकत नाही, ते दाखवतो."

आणि दाखवलं. खुर्ची उलटी केली, खटका कुठे आहे, स्प्रिंग कुठे, दांड्याला कसा जोडला, सगळं. लोक उठून जवळ आले. मोबाइल वर झाले. दीर स्वतः व्हिडिओ काढत होते आणि मध्ये मध्ये म्हणत होते, "दादा, जरा हळू, परत एकदा दाखव." त्यांनी परत दाखवलं. मी त्यांना इतकं सुंदर बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ज्या वाक्यासाठी मी महिनाभर झटत होते ते त्यांनी तिथे उभ्या उभ्या सरळ सांगून टाकलं. टाळ्या खूप वेळ चालल्या.

घरी आल्यावर मी विचारलं, "कळत होतं ना तुम्हाला?"

"कळत होतं."

"मग?"

ते शाल घडी करत होते. "पेटंटचा कागद कोण वाचणार आहे इथे? बिल्डिंगमधला एक माणूस सांग."

"मी वाचला असता."

"तुला काय वाचायचंय. तूच तर टाइप करत होतीस," ते म्हणाले. आणि खुर्चीत बसून त्यांनी भावाने पाठवलेला व्हिडिओ पहिल्यापासून लावला.